आठ पेशींच्या पुढे

"मुंगीच्या हाताला यश नाही," असं मोठ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, तेव्हा मी शेजारच्या ओट्यावर काचेच्या बश्या विसळत होतो. मान वर केली नाही. अशा वेळी मान वर करणारा मधल्यामधे सापडतो, एवढं इतक्या वर्षांच्या नोकरीत शिकलोय.

मुंगी म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत संशोधन करणारी मुलगी. बारीक अंगाची, सारखं काहीतरी उचलून इकडून तिकडे नेणारी, म्हणून कुणीतरी ठेवलेलं नाव. तिला त्याचा राग नाही. फोनवर स्वतःच "मी मुंगी बोलतेय" म्हणते. त्या दिवशी मात्र ती टेबलाच्या कडेला धरून उभी होती.

"पाच खेपा झाल्या," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या आमच्या प्रमुख. "पाचही आठ पेशींवर अडकल्या. मेंढ्या त्याच, औषधं तीच, पेटी तीच. मग बदललं काय? आणखी एक खेप कर. तीही तिथेच अडकली तर हे काम मी दुसऱ्या कुणाकडे देणार. तुझं वाईट व्हावं म्हणून नाही बोलत."

"हो मॅडम."

"हो मॅडम काय? काहीतरी बोल."

"काय बोलू? मला कळलं असतं तर अडकल्या असत्या का?"

मोठ्या बाई निघून गेल्या. मुंगी माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "काका, त्या बशीला आता भोक पडेल." मी एकच बशी केव्हाची विसळत बसलो होतो.

आमचं काम मेंढीच्या बीजांडांचं. सकाळी ड्रायव्हर कत्तलखान्यातून थर्मास घेऊन येतो. त्यात कोमट मिठाच्या पाण्यात मेंढ्यांचे बीजांडकोश असतात, एकेक शेंगदाण्याहून मोठा, सुपारीहून लहान. थर्मास दारात ठेवताना तो रोज ओरडतो, "चहा आणलाय, गरम आहे तोवर घ्या!" नवीन आलेला एखादा खरंच कप घेऊन येतो, आणि मग ड्रायव्हरचा दिवस चांगला जातो. मुंगी त्या कोशांवरचे पाण्याने भरलेले फोड अलगद फोडते, आतली बीजांडं वेचते. दोन खोल्या आहेत. बाहेरची धुण्या-विसळण्याची, आतली पेटीची. पेटी म्हणजे कपाटाएवढं यंत्र, मेंढीच्या अंगाइतकं ऊबदार, आत ओलसर हवा. तिच्या तळाच्या ताटलीत पाणी भरणं, ती पुसणं, बश्यांमधल्या थेंबांवर तेल ओतून ठेवणं ही कामं माझी. रिटायर झालो त्याला सहा वर्षं झाली, पण दर वर्षी आणखी एका वर्षाचं पत्र मिळतं. घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं.

बीजांड मी पहिल्यांदा पाहिलं ते मुंगीनंच दाखवलं म्हणून. त्याआधी कितीतरी वर्षं बश्या धुतल्या, पण बशीत काय असतं ते बघ म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. करड्या रंगाचा गोल, आणि भोवती पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी.

"अंगातल्या सगळ्या पेशींत ही मोठी," ती म्हणाली. "आणि भोवती तो कापूस दिसतो ना, त्या बारीक पेशी. आया-मावश्या. बारीक बारीक नळ्यांनी हिला भरवतात."

"आणि ही काय करते?"

"खाते आणि साठवते. मेंढी स्वतः आईच्या पोटात असते ना काका, तेव्हाच तिची सगळी बीजांडं तयार होऊन निजलेली असतात. मेंढी मोठी झाली की एकेक वाढायला लागतं. कितीतरी महिने नुसती साठवण. शिधा आणि चिठ्ठ्या."

"कसल्या चिठ्ठ्या?"

"पुढे काय काय करायचं त्याच्या. सगळ्या आईच्या हातच्या. पुरतं वाढलं की बीजांड नवीन चिठ्ठी लिहायचंच थांबवतं. एकदम गप्प. कोशात असेपर्यंत त्या मावश्या त्याला थोपटून झोपवून ठेवतात. आपण बाहेर काढलं की ते जागं होतं. चोवीस तास पेटीत पिकतं, आणि आपल्या वारशातला अर्धा भाग एका बारक्या गोळीत बांधून बाजूला टाकतं."

"का टाकतं?"

"बापाकडून अर्धा यायचाय. त्याला जागा नको?"

"शहाणं आहे."

"आपल्यापेक्षा. मग फळलं की एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. पण हे सगळं आईनं भरून ठेवलेल्यावर. गर्भाचं स्वतःचं म्हणून अजून काहीच चालत नाही."

"आणि आठाच्या पुढे?"

"शिधा संपत येतो. चिठ्ठ्या विरतात. मेंढीत हे आठ-सोळाच्या आसपास होतं. तिथून आपली चूल आपण पेटवायची. ज्यांना जमत नाही ते तिथेच थांबतात. वरून बघाल तर चांगले गोल, टुमटुमीत दिसतात. दुसऱ्या दिवशीही आठच. तिसऱ्या दिवशी काळे पडतात."

तिच्या पाच खेपा अशाच थांबल्या होत्या.

मी घरी गेलो की कुलूप काढतो, चप्पल ठेवतो आणि "आलो" म्हणतो. उत्तर येणार नाही हे माहीत असतं, पण न बोलता आत शिरलो तर चोरासारखं वाटतं. ही जाऊन दीड वर्ष झालं. दोन खोल्या, एक पलंग, स्वयंपाकघरात दोन माणसांच्या मापाची भांडी. एकट्यापुरता भात शिजवायला मला अजून जमत नाही, रोज उरतो. घर खायला उठतं म्हणतात, तसं नाही माझं. घर काहीच करत नाही. जिथे ठेवला तिथे पेला संध्याकाळपर्यंत असतो.

हिचे गुडघे आणि डोकं कायम दुखायचं. त्यामुळे बाम. चोळून चोळून उशी, शाल, कपाट, सगळ्या घराला बामचा वास. मी म्हणायचो, "लग्न तुझ्याशी केलं की औषधाच्या दुकानाशी?" ती म्हणायची, "दुकानाशी केलं असतंत तर सवलत तरी मिळाली असती." ती गेल्यावर वर्षभर तो वास घरात टिकला. उशीत सगळ्यात जास्त. मग एका दिवशी नव्हता. मी उशीला नाक लावून बसलो, अभ्र्याच्या आतल्या बाजूला लावलं, काही नाही. त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून बामची डबी आणली. तेव्हापासून झोपायच्या आधी तिच्या उशीला दोन बोटं चोळतो आणि ती उशी मानेखाली घेऊन पडतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय आहे त्यात?

आतल्या खोलीच्या दारावर पाटी आहे. अत्तर, पावडर, सुगंधी तेल, नखांचा रंग, फुलं, काही लावून आत येऊ नये. मी कधी काही लावत नाही. कामाच्या दिवशी साबणही बिनवासाचा. बाम हे औषध. ते लावायचं असतं दुखऱ्या जागी, आणि मी तर उशीला लावत होतो. पाटीशी त्याचा संबंध माझ्या डोक्यात कधी आलाच नाही.

सहाव्या खेपेआधी मुंगीनं सगळं उलटंपालटं तपासलं. पाणी बदललं, औषधं नवी मागवली. तेलाची नवी बाटली फोडताना म्हणाली, "काका, हे तेल भारी हावरट असतं. फ्रीजमध्ये लोण्याशेजारी चिरलेला कांदा ठेवला तर लोणी कसं होतं? तसं. खोलीतला वास ओढून घेतं आणि खालच्या थेंबात सोडतं. म्हणून तर पाटी आहे."

"मी झाकण लगेच लावतो."

"माहितीये हो. तुमच्यावर नाही संशय. ड्रायव्हरवर आहे, केसांना काय थापतो देव जाणे. पण तो आत येत नाही."

मी हसलो. मग ती जेवायला गेली आणि मी पेटीच्या वहीत पाणी भरल्याची नोंद करायला बसलो. वहीत पेटीचं तापमान, पाणी कुणी भरलं, तेल कुणी ओतलं, कोणती खेप आत गेली, सगळं एकाखाली एक असतं. सहज मागची पानं उलटली. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत मुंगीच्या खेपा बऱ्या होत्या, शंभरात तीस-पस्तीस बीजांडं पुढे जात होती. मग पाच खेपा सलग मेलेल्या. त्यांच्या मधे एक चिमुकली खेप होती, नऊच बीजांडं. सरावाची म्हणून कुणी धरलीच नव्हती. त्यातली चार आठाच्या पुढे गेली होती. त्या दिवसांत पाण्यापुढे आणि तेलापुढे सही मुंगीची होती. मी नव्हतो. मेहुणीच्या मुलाचं लग्न होतं म्हणून बारा दिवस तिच्या घरी गेलो होतो.

मेहुणीकडे मी डबी नेली नव्हती. माणसांनी भरलेल्या घरात उशीला बाम चोळत बसायची लाज वाटली.

वही मिटली. पुन्हा उघडली. पहिली मेलेली खेप कोणत्या आठवड्यातली ते पाहिलं, बोटांवर मोजलं. मग बाही नाकाशी धरली. मला काही वास येईना. रोजच्या वासाचं नाकाला काय कौतुक! उठून बाहेर गेलो आणि ड्रायव्हरच्या पुढ्यात उभा राहिलो.

"माझा वास घे."

"काय काका, भर दुपारी?"

"घे म्हणतो ना."

त्यानं मानेपाशी नाक आणलं. "बाम," तो म्हणाला. "नेहमीचाच. सर्दी गेली नाही का अजून तुमची? सहा महिने झाले की."

खरं सांगतो, त्या क्षणी मनात पहिलं काय आलं ते चांगलं नव्हतं. वाटलं, गुपचूप बाम बंद करावा. कुणाला कळायचं कारण नाही. खेप पुढे गेली की मुंगी सुटेल, मी सुटेन, मोठ्या बाई म्हणतील नव्या तेलाचा गुण. पत्र दर वर्षी मिळतं ते मोठ्या बाईंच्या मर्जीवर. पाच खेपांचं मातेरं मी केलं हे कळल्यावर सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला कोण ठेवणार? आणि ही जागा गेली तर दिवसभरात मला "काका" म्हणणारं कोण उरतं? दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो. त्याचं तोंड मी दोन महिन्यांत पाहिलेलं नाही.

पण वास एका दिवसात जातो का? केसांत होता, अंगात होता, सहा महिने त्या पेटीत तोंड घालून मी पाणी भरत होतो. पेटीलाच लागला असला तर? गप्प राहिलो आणि सहावी खेपही मेली तर मुंगीच्या हाताला यश नाही हे कायमचं ठरणार होतं. ती जेवून आली. डबा धुताना काहीतरी गुणगुणत होती. उद्या बीजांडं यायची होती.

मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो. मुंगीलाही बोलावून घेतलं. वही टेबलावर उघडून ठेवली आणि सगळं सांगितलं, एका दमात.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "बाम?"

"बाम."

"गुडघ्याला लावता?"

"उशीला."

"उशीला कशाला?"

मी मुंगीकडे पाहिलं नाही. "हिची उशी आहे," म्हटलं. "हिला लागायचा."

बाहेर नळाखाली बादली भरत होती, तिचा आवाज येत होता. ती वाहायला लागली तशी उठून बंद करावी असं मला फार वाटलं.

"सहा महिने," मोठ्या बाई म्हणाल्या. "काका, सहा महिने मी या पोरीला बोलतेय."

"मला बोला. तिचं नाव काढा त्यातनं."

"तुम्हाला काय बोलू आता?" त्यांनी वही पुढे ओढली, नऊ बीजांडांच्या खेपेवर बोट ठेवलं, तसंच ठेवून बसल्या. "हे मी बघायला हवं होतं. माझ्या सहीखालची वही आहे." मग मुंगीकडे पाहून म्हणाल्या, "तू काही बोलणारेस की नाही?"

मुंगी म्हणाली, "काका, पेटी पुसायला काय वापरायचं ते सांगून जा. तुमच्यासारखी मला जमत नाही."

ठरलं ते असं. मी पंधरा दिवस यायचं नाही. घरातलं सगळं धुवायचं. पेटी रिकामी करून उकळत्या पाण्यानं पुसायची, चार दिवस उघडी ठेवायची, मग खेप लावायची. खेप पुढे गेली तर मी परत. नाही गेली तर दोष माझा नव्हता असं धरायचं, आणि मुंगीचं काम दुसऱ्याकडे.

म्हणजे माझी चूक सिद्ध होण्यातच तिचं भलं होतं. निघताना ड्रायव्हर म्हणाला, "देव करो आणि तुम्हीच गुन्हेगार निघावं, काका." मी म्हटलं, "तुझ्या तोंडात साखर पडो."

पहिल्या दिवशी उशी उसवली. कापूस बाहेर काढून गच्चीत पसरला, अभ्रा भिजत घातला. शाल दोन पाण्यांतून काढली. कपाटाचे कप्पे सोड्यानं पुसले. गादी जिन्यावरून एकट्यानं वर चढवताना मधे अडकली. मी खाली, गादी वर, पुढे ढकलता येईना, मागे येता येईना. तळमजल्यावरची शेजारीण धावली. "एवढी आवराआवर? कुणी येणार आहे का?"

"नाही हो."

"मग?"

"नोकरीसाठी."

तिला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट झाला. डबी मी तिलाच दिली, अर्धी भरलेली होती. तिच्याही सासूचे गुडघे दुखतात.

पुढचे दिवस लांब गेले. उन्हात वाळलेली उशी हलकी झाली होती, तिला आता नुसता कापडाचा वास. तिच्यावर डोकं ठेवलं की कुणा परक्याच्या घरी मुक्कामाला आल्यासारखं वाटायचं. दुपारी खुर्चीत बसून हिचा आवाज आठवायचा प्रयत्न करायचो. शब्द आठवत, सवलतीचा टोमणा आठवे, पण आवाज पहिल्यासारखा लागेना. बामचा वास आला की तो आपोआप लागायचा. मी त्यावर कधी कष्टच घेतले नव्हते. संध्याकाळी चक्कर मारताना कोपऱ्यावरच्या दुकानाच्या अलीकडून रस्ता ओलांडायला लागलो. एकदा नाही ओलांडला. दुकानदार म्हणाला, "नेहमीचं देऊ?" मी काड्यापेटी घेतली आणि आलो.

खेप केव्हा लागली, केव्हा फळली, हे दिवस मी मनात धरत होतो. आज पिकत असेल, अर्धा वारसा बाजूला टाकला असेल. आज दोन, आज चार. आठाच्या दिवशी माझं जेवणात लक्ष नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी वाजला.

"काका! मी मुंगी बोलतेय."

"बोल."

"गेली! पुढे गेली. सोळा, बत्तीस, काही तर मोजताच येत नाहीत, नुसते तुतीच्या फळासारखे गोळे. शंभरात अडतीस, काका! मॅडमनी स्वतः दोनदा मोजले."

"बरं झालं."

"एवढंच? बरं झालं?"

"अगं पोरी, बरं झालं म्हणजे फार बरं झालं. मग मीच होतो तर."

"तुम्हीच होतात," ती म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, सोमवारी या."

फोन ठेवल्यावर मी घरभर एकदा फिरलो. ही बातमी हिला सांगायला. फिरून पलंगावर बसलो.

सोमवारी गेलो तर आतल्या खोलीच्या दारात स्टूल टाकून मुंगी बसलेली. नवा नियम निघाला होता. आत जाणाऱ्या प्रत्येकाला हुंगायचं, मोठ्या बाईंनाही. ड्रायव्हर लांबून ओरडला, "कुत्रं पाळण्यापेक्षा स्वस्त!" तिनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. उठली, माझ्या खांद्यापाशी वाकली, कानामागे, कॉलरपाशी, मग दोन्ही बाह्या हातात धरून एकेक हुंगली. मी शाळेतल्या पोरासारखा हात पुढे करून उभा.

"काही नाही," ती म्हणाली.

"नीट बघ."

"बघितलं की."

"मानेपाशी बघ परत. उशी तिथे असायची."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग परत वाकली, या वेळी जरा जास्त वेळ. मी श्वास धरला होता.

"नाही काका," ती हळू म्हणाली. "कसलाच वास नाही."

"बरं," मी म्हटलं. टोपी घातली, हात धुतले आणि आत गेलो. पेटीच्या ताटलीतलं पाणी बरंच खाली गेलं होतं. काठापर्यंत भरलं, पेटीचं दार लावलं आणि वहीत सही केली.